नोंद लिहून झाल्यानंतर

पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड पुण्याच्या शनिवार पेठेतून काढले. पहिला खंड १९६२ साली आला, दहावा १९७९ मध्ये. त्याच्या चार दशकं आधी याच शहरात श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम चाललं होतं. ज्ञानकोश मंडळाची सुरुवात नागपूरची, पण कोश उभा राहिला तो पुण्यात, तेवीस खंडांचा. त्या कामात तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश केला आणि १९४८ मध्ये शास्त्रीय परिभाषा कोशही. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे चरित्रकोशही पुण्यातलेच. कोशाचं काम म्हणजे काय, हे या पेठांना नीट ठाऊक होतं. नोंदींच्या याद्या करायच्या, लेखक गाठायचे, त्यांच्यामागे तगादा लावायचा, मुद्रितं तपासायची, वर्गणीदार मिळवायचे आणि पैसे संपले की पुन्हा दारोदार जायचं.

या सगळ्या परंपरेत एक काम मात्र नव्हतं, ते म्हणजे छापून झालेली नोंद पुन्हा उघडून दुरुस्त करण्याचं. छापखान्याच्या काळात ते शक्यच नव्हतं. फार तर पुरवणी निघे, शुद्धिपत्र जोडलं जाई. कोश पूर्ण होणं हाच सोहळा असे, आणि त्यात वावगं काही नाही. तेवीस खंड पुरे करणं ही साधी गोष्ट नव्हे. पण आज कोश पडद्यावर आला आहे आणि नोंद केव्हाही उघडता येते. मग ती उघडायची कोणी, कशी, आणि चौघांनी मिळून दुरुस्त करायची तर भांडण न होता कशी? भौतिकशास्त्राच्या नोंदींपुरता या प्रश्नाचा आढावा इथे घ्यायचा आहे. भौतिकशास्त्रच का, याचंही कारण आहे. या विषयात चूक कोणती आणि मतभेद कोणता, हे बऱ्याच वेळा ठरवता येतं. त्यामुळे एकत्र दुरुस्तीची पद्धत कुठे चालते आणि कुठे अडते, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं इतिहासाच्या किंवा चरित्राच्या नोंदींत दिसत नाही.

नोंद म्हातारी कशी होते, ते आधी पाहू. मीटरचं उदाहरण घ्या. १९६० साली क्रिप्टॉन-८६ या अणूच्या एका ठरावीक प्रकाशाच्या तरंगलांबीवरून मीटरची व्याख्या झाली. १९८३ मध्ये ती बदलली आणि प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो तो मीटर, असं ठरलं. किलोग्रॅम १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्हर इथे जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावर अवलंबून होता. २० मे २०१९ पासून तो प्लांकच्या स्थिरांकावर बेतला गेला. म्हणजे १९८३ पूर्वी छापलेल्या कुठल्याही कोशातली मीटरची नोंद आणि २०१९ पूर्वीची किलोग्रॅमची नोंद, दोन्ही लिहिल्या त्या दिवशी अगदी बरोबर होत्या आणि आज त्या जुन्या झाल्या आहेत. यात लिहिणाऱ्याचा दोष नाही.

मराठी विश्वकोशाच्या बाबतीत तर वर्णक्रमानेच नोंदींची वयं ठरवली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून पहिला खंड १९७६ साली आला. विसावा खंड पुरा व्हायला २०१५ उजाडलं. ‘अ’पासून सुरू होणारं भौतिकशास्त्र आणि ‘ह’पासून सुरू होणारं भौतिकशास्त्र यांच्यात जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर पडलं. अणूविषयीच्या नोंदी पहिल्याच खंडात. त्या छापून झाल्यावर १९८३ मध्ये डब्ल्यू आणि झेड कण सापडले, १९९५ मध्ये टॉप क्वार्क, १९९८ मध्ये न्यूट्रिनो आपलं रूप पालटतात याचा पुरावा मिळाला, २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन. केतकरांच्या कोशाची गत आणखी वेगळी. त्याचे खंड निघत होते त्याच दशकात, १९२५ ते १९२७ दरम्यान, पुंजयामिकी जन्माला येत होती. न्यूट्रॉनचा शोध तर १९३२ चा. कोश तयार होत असताना पायाखालची जमीन सरकत होती.

तरीही हे जुनेपण फारसं धोक्याचं नाही असं माझं मत आहे. आकडा बदलला, व्याख्या बदलली, तर ती कुठेतरी अधिकृतपणे जाहीर होते. कोणीतरी येऊन ओळ बदलतो. स्पष्टीकरणातली चूक त्याहून चिवट असते, कारण ती पटणारी असते. ‘अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीर तरंगतात’ हे वाक्य किती ठिकाणी वाचलं असेल? ते स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नऊ दशांश आहे. स्थानक आणि त्यातली माणसं एकत्रच सतत पडत असतात म्हणून ती तरंगतात. विमानाच्या पंखावरची हवा आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचली पाहिजे, म्हणून वरची हवा जास्त वेगाने जाते, हेही असंच एक स्पष्टीकरण. ती एकाच वेळी पोचावी असा निसर्गात कुठलाही नियम नाही आणि ती तशी पोचतही नाही. शाळेच्या वह्यांतून, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून ही वाक्यं कोशात येतात, कोशातून पुन्हा वह्यांत जातात. एकट्या लेखकाला ती खटकत नाहीत, कारण तोही तेच शिकलेला असतो. दुसऱ्या माणसाने नोंद वाचणं जरुरीचं असतं ते याचसाठी.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. त्याआधी तो काढणाऱ्या मंडळींनीच न्यूपीडिया नावाचा कोश काढला होता. त्यात लेख तज्ज्ञ लिहिणार आणि प्रकाशनाआधी सात पायऱ्यांची तपासणी होणार, अशी शिस्त होती. त्या पायऱ्या चढून अगदी मोजके लेख वर पोचले. विकिपीडियाने क्रम उलटा केला, आधी प्रकाशन आणि मग दुरुस्ती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि आज त्यावर लाखाच्या आसपास लेख आहेत. प्रत्येक लेखामागे दोन पानं असतात. ‘इतिहास’मध्ये प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला ते राहतं आणि ‘चर्चा’मध्ये त्यावरचा वाद. सरावासाठी धूळपाटी आहे, सगळ्यांनी मिळून बोलण्यासाठी चावडी.

या पद्धतीतला एक महत्त्वाचा नियम थेट भौतिकशास्त्राच्या लेखांतून आला आहे, हे फारसं सांगितलं जात नाही. आइन्स्टाइन चुकला, मी नवी उपपत्ती मांडली आहे, असं म्हणणारे लोक जगभर असतात. आपल्याकडेही विज्ञानाच्या नियतकालिकांच्या संपादकांना त्यांची पत्रं नवी नाहीत. अशा लोकांशी रोज गणितावर वाद घालत बसणं अशक्य होतं. तेव्हा विकिपीडियाने ठरवलं की इथे कोणाचंही स्वतःचं नवं संशोधन छापायचं नाही. विश्वासार्ह ठिकाणी आधी प्रसिद्ध झालेलं असेल तेवढंच द्यायचं. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनीच या नियमाचं मूळ भौतिकशास्त्रातल्या अशा हेकट सिद्धांतकारांपर्यंत नेऊन पोचवलं आहे. उपपत्ती खरी की खोटी, हे ठरवायचं काम त्यामुळे संपादकांवर राहिलं नाही. ती कुठे छापली गेली, कोणी तपासली, एवढंच विचारलं की पुरे.

अशा उघड्या पद्धतीने लिहिलेला मजकूर कितपत बरोबर असतो? २००५ च्या डिसेंबरात ‘नेचर’ साप्ताहिकाने विज्ञानाचे ४२ लेख विकिपीडियातून आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातून घेऊन तज्ज्ञांकडून तपासून घेतले. गंभीर चुका दोन्हींत चार-चार निघाल्या. लहानसहान चुका विकिपीडियात १६२, ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकाने पुढच्या वर्षी या पाहणीवर जोरदार आक्षेप घेतले. या आकड्यांचा आधार घेऊन अजूनही दोन्ही बाजूंनी बोललं जातं. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. चूक सापडली त्या आठवड्यात ती विकिपीडियात दुरुस्त करता येत होती. पण हा फायदा इंग्रजीचा आहे. तिथे वाचणारे डोळे लाखो. मराठीत पद्धत तीच आली, पण तेवढे डोळे काही आले नाहीत.

एकत्र दुरुस्ती कशी अडते याचं एक ठळक प्रकरण प्रकाशाच्या वेगावरच्या इंग्रजी लेखाचं आहे. मुद्दा वरवर पाहता बारीक होता. १९८३ नंतर मीटरच प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. मग प्रकाशाचा वेग आता ‘मोजता’ येतो का? एका बाजूचं म्हणणं असं, की आकडा व्याख्येने पक्का केला आहे, तेव्हा तो मोजणं याला अर्थ नाही; आज तुम्ही तो प्रयोग केलात तर प्रत्यक्षात तुमची मीटरपट्टी तपासता. दुसरी बाजू म्हणे, प्रकाशाचा वेग ही निसर्गातली गोष्ट आहे, माणसांच्या समितीने आकडा ठरवला म्हणून ती बदलत नाही. वाचकाला हा फरक सांगितलाच पाहिजे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरीही चर्चापानावर शब्दांचा ढीग साचला, तेच मुद्दे पुन्हा पुन्हा आले आणि २००९ मध्ये प्रकरण विकिपीडियाच्या लवाद समितीपुढे गेलं. समितीने प्रकाशाच्या वेगाबद्दल निर्णय दिला नाही. ते तिचं कामच नव्हतं. तिने वागणुकीबद्दल निर्णय दिला आणि काही जणांच्या संपादनावर बंधनं घातली.

हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण त्यात एक गोष्ट उघडी पडते. भौतिकशास्त्राच्या लेखावरचे वाद क्वचितच समीकरणावर होतात. समीकरण सगळ्यांना मान्य असतं. वाद होतो तो त्या समीकरणाबद्दल साध्या भाषेत काय म्हणायचं यावर. वेगासोबत वस्तुमान वाढतं का, हा प्रश्न घ्या. मराठीतली एक पिढी ‘वेग वाढला की वस्तुमान वाढतं’ हे शिकली आहे आणि जुन्या पुस्तकांत ते आदरणीय लेखकांनी लिहिलं आहे. पण लेव्ह ओकुन या रशियन शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ‘फिजिक्स टुडे’त आग्रहाने मांडलं की वस्तुमान एकच, ते वेगाने बदलत नाही, बदलतात ते ऊर्जा आणि संवेग. आजच्या कणभौतिकीत हीच भाषा रूढ आहे. आता मराठी लेखात एकाने जुनं वाक्य लिहिलं, दुसऱ्याने ते खोडलं, पहिल्याने पुस्तकाचा संदर्भ देऊन परत आणलं, तर काय करायचं? दोघांकडेही संदर्भ आहे. ‘संदर्भ द्या’ एवढ्या नियमाने हा गुंता सुटत नाही. इथे तिसऱ्याने येऊन लेखाचीच मांडणी बदलावी लागते. आधी आजची भाषा सांगायची, मग जुनी भाषा कुठून आली, तिने काय सोपं होत होतं आणि ती का मागे पडली, हे एका परिच्छेदात लिहायचं. मग जुनं पुस्तक वाचून आलेला वाचक गोंधळत नाही आणि नवं शिकणारा चुकत नाही. तिसऱ्याचं हे काम मला पहिल्या लेखनाइतकंच मोठं वाटतं, पण मराठीत त्याचं श्रेय कोणी कोणाला देत नाही.

आता मराठी लेख प्रत्यक्ष कसा सुधारत जाईल, ते एका वाक्यावर पाहू. समजा ध्वनीवरच्या लेखात एकाने लिहिलं: ‘घन पदार्थांची घनता जास्त असल्यामुळे त्यांतून ध्वनी अधिक वेगाने जातो.’ वाक्य सुबक आहे आणि लोखंडाच्या रुळाचं उदाहरणही लगेच सुचतं. दुसरी वाचक चर्चापानावर विचारते: शिशाची घनता लोखंडापेक्षा जास्त आहे, मग त्यातून ध्वनी लोखंडापेक्षा इतका सावकाश का जातो? हा प्रश्न योग्य जागी बसतो. ध्वनीचा वेग पदार्थ किती ताठ आहे, म्हणजे दाबल्यावर किती जोराने मूळ आकारात येऊ पाहतो, यावर ठरतो. घनता वाढली तर उलट तो कमी होतो. लोखंडाची घनता हवेपेक्षा हजारो पटींनी जास्त, पण ताठपणा त्याहूनही कितीतरी जास्त, म्हणून लोखंडात ध्वनी वेगाने धावतो. शिसं जड आणि मऊ, म्हणून त्यात मागे पडतो. तिसरा पाठ्यपुस्तक उघडून सूत्र आणि पृष्ठक्रमांक देतो. चौथा, जो कदाचित भौतिकशास्त्राचा नव्हेच, ‘प्रत्यास्थता’ शब्द पहिल्यांदा येतो तिथे अर्ध्या ओळीत त्याचा अर्थ घालतो आणि वाक्याची शेपटी कापतो. शेवटी तिथे तीन वाक्यं उरतात आणि ती नववीच्या मुलालाही वाचता येतात. या चौघांत एकही मोठा तज्ज्ञ नसला तरी चालेल. मात्र दुसरीने विचारलेला प्रश्न हवाच, आणि तो विचारल्यावर पहिल्याने तो अपमान न समजणं हेही हवं.

परिभाषेचा मुद्दा इथे थोडक्यातच घेतो, कारण त्यावर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. राज्याचं भाषा संचालनालय १९६० पासून आहे, त्याचा भौतिकशास्त्राचा परिभाषा कोश आहे, शालेय पुस्तकांनी शब्द रुळवले आहेत. शब्द कमी नाहीत. मोडतं ते एकाच लेखात ‘बल’, ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ एकमेकांच्या जागी वापरल्याने. बल न्यूटनमध्ये मोजतात, ऊर्जा ज्यूलमध्ये, शक्ती वॅटमध्ये. बोलताना ‘इंजिनाची शक्ती’ आणि ‘चुंबकाची शक्ती’ दोन्ही चालतात, लेखात नाही. यंत्राने भाषांतर करून टाकलेल्या लेखांत तर हा घोळ हमखास असतो, आणि तो वरवर वाचणाऱ्याला दिसत नाही, कारण प्रत्येक वाक्य व्याकरणाला धरून असतं. मराठी विकिपीडियावर भौतिकशास्त्राच्या पुष्कळ नोंदी अजून चार-सहा ओळींच्या आहेत. त्या आखूड आहेत याची मला तितकी काळजी वाटत नाही. इंग्रजीतून यंत्राने ओतलेल्या, कोणी न वाचलेल्या लांबलचक लेखांची जास्त वाटते. चार बरोबर ओळींवर पुढे बांधता येतं. न वाचलेल्या चाळीस परिच्छेदांत चूक शोधायची म्हणजे आधी सगळं पुन्हा लिहायचं.

पुण्याने याबाबतीत एक धडा जवळून पाहिला आहे. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने इथल्या महाविद्यालयांत एक कार्यक्रम सुरू केला. अभियांत्रिकीच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. कल्पना उमदी होती. पण शेकडो मुलं एकाच वेळी आली, सत्र संपायच्या आत लिहायचं होतं, गुण मिळणार होते, आणि बऱ्याच जणांनी पुस्तकांतला, संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला. तो शोधून काढण्याचं काम इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांवर पडलं, ते वैतागले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कार्यक्रम बंद झाला. याचा ठपका मुलांवर ठेवला गेला तेव्हा मला वाईट वाटलं होतं. दुसऱ्याचं वाक्य उचलणं आणि स्वतःच्या शब्दांत मांडणं यांतला फरक त्यांना कोणी शिकवला होता? शिवाय काम उलट्या टोकाकडून दिलं होतं. नवख्या माणसाला नवा लेख लिहायला सांगणं म्हणजे सर्वांत अवघड काम आधी देणं. त्याऐवजी एक जुना लेख द्यावा, त्यातलं एक वाक्य निवडावं, ते खरं की खोटं हे दोन पुस्तकांत पाहावं आणि जे आढळलं ते चर्चापानावर लिहावं, असं सांगितलं असतं तर? उतरवून काढायला तिथे काही नसतंच. रमणबाग शाळेतला नववीतला मुलगाही हे करू शकेल, आणि भौतिकशास्त्र शिकण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

दुसरी वाट तज्ज्ञांची. मराठी विश्वकोशाने गेल्या दशकात विषयवार ज्ञानमंडळं नेमून नव्या नोंदी लिहून घ्यायला आणि जुन्या अद्ययावत करायला सुरुवात केली. या नोंदींच्या खाली लेखकाचं नाव असतं आणि समीक्षकाचंही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. विकिपीडियात जबाबदारी इतिहासाच्या पानात विरघळलेली असते. विश्वकोशात ती दोन नावांवर उभी असते. पण दोन नावांची नोंद वाचकाला हात लावू देत नाही. चूक दिसली तर कळवायचं आणि वाट पाहायची.

दोन्हींच्या मधला मार्ग काढण्याचे प्रयत्न बाहेर झाले आहेत. विकिपीडियाचे दुसरे संस्थापक लॅरी सँगर यांनी तज्ज्ञांच्या मंजुरीने चालणारा सिटिझेंडियम काढला. काही वर्षांतच तो ओसरला, कारण मंजुरी द्यायला तज्ज्ञ होते तेव्हा लिहिणारे नव्हते. २००६ मधल्या स्कॉलरपीडियाने उलटं केलं. एकेका नोंदीसाठी त्या विषयातला अव्वल माणूस गाठायचा. गेज सिद्धांतांवरची नोंद नोबेल विजेते गेरार्ड ’ट हूफ्ट यांनी लिहिली. नोंद उत्तम, पण अशा माणसाकडून ती पुन्हा तपासून घेणं कोणाला जमणार? मला सर्वांत आवडणारा प्रयोग पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेतून १९९८ मध्ये निघालेल्या, सापेक्षतेवरच्या ‘लिव्हिंग रिव्ह्यूज’चा आहे. तिथे आढावा लेख देतानाच लेखक कबूल करतो की तो लेख वेळोवेळी अद्ययावत करीन. लिहिण्याच्या करारातच पुन्हा लिहिणं आलं. विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांनी हे एक कलम उचललं, प्रत्येक नोंदीवर ‘शेवटची तपासणी’ म्हणून वर्ष घातलं, तरी पुष्कळ साधेल.

आणि विश्वकोश व विकिपीडिया यांच्यामधली हक्कांची भिंत? केतकर १९३७ साली वारले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे त्यांचं लेखन केव्हाच सर्वांचं झालं आहे. सरकारी प्रकाशनाला हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं, म्हणजे विश्वकोशाचा पहिला खंड आपोआप मोकळा व्हायला २०३७ उजाडावं लागेल. पण वाट पाहायचं बंधन नाही, हक्क ज्याचा तो आधीही मोकळा करू शकतो. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे खंड २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि कोंकणी विकिपीडियाचं काम करणाऱ्यांना चार खंडांचा तयार पाया मिळाला. मराठी विश्वकोशातलं भौतिकशास्त्र असं मोकळं झालं तर त्यातली जुनी नोंद विकिपीडियावर आणता येईल, तिच्यावर चर्चा होईल, आणि सुधारलेला मजकूर समीक्षकाच्या नजरेखालून परत विश्वकोशात जाऊ शकेल. जनतेच्या पैशाने लिहिलेली विद्या जनतेला दुरुस्त करता यावी, यात मला काहीच गैर दिसत नाही.

एका गोष्टीकडे मात्र संदर्भांच्या नियमाबरोबरच लक्ष ठेवावं लागतं. २ ऑक्टोबर २०१८ रोजी डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्यांच्यावर विकिपीडियात लेख नव्हता. त्याच वर्षी कोणीतरी पाठवलेला मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला होता. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी, ग्रंथांनी ज्यांच्याबद्दल लिहिलं नाही, त्यांच्याबद्दल कोशही लिहीत नाही. पुण्यात हुजूरपागा आणि सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकलेल्या रोहिणी गोडबोले यांनी कणभौतिकीत काम केलं आणि ‘लीलावतीज डॉटर्स’ या भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या संग्रहाचं सहसंपादनही केलं. २०२४ मध्ये त्या गेल्या. अशी पुस्तकं आधी झाली म्हणूनच नोंदींना आधार मिळतो. कोश सुधारायचा तर कोशाबाहेरही लिहावं लागतं.

सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो टिपणारी यंत्रणा. या लहरी पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपल्या गेल्या. गोंगाटात दडलेला असा संकेत ओळखण्याच्या गणिती पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे विषय जगाचा, जागा मराठवाड्यातली आणि जाणकार पुण्यात. औंढ्याच्या शाळेतली मुलगी आपल्या तालुक्यात काय उभं राहतंय हे मराठीत शोधेल, तेव्हा तिला गुरुत्वीय लहरी, लेसर, व्यतिकरण, कृष्णविवर, न्यूट्रॉन तारा, निर्वात, कंप, सामान्य सापेक्षता या नोंदी लागतील. या आठ नोंदी आधी घ्याव्यात. प्रत्येकीला लिहिणारा एक, प्रश्न विचारणारा एक, पुस्तकं पाहणारा एक आणि भाषा वाचणारा एक, अशी चौकडी असावी. चर्चापानावर त्यांनी आपापल्या शंका नावानिशी मांडाव्यात आणि दर वर्षी एकदा नोंद पुन्हा उघडावी. व्यतिकरणाची नोंद सर्वांत आधी, कारण ती समजली नाही तर वेधशाळेतल्या त्या दोन भुजा कशासाठी आहेत, हे बाकीच्या सात वाचूनही कळणार नाही.